भोकाभोवतीचे टाके

बाब अल बहरीन, मनामा
१४ सप्टेंबर

सौ. मंगला,

धागा अजून सुईत आहे. वीतभर काम राहिलं आहे, पण डोळे थकले, म्हणून सुई तशीच कापडात टोचून ठेवली आणि तुला लिहायला बसलो.

दुकानात एक झेंडा आला आहे. लाल, पांढरा, हिरवा, आडव्या पट्ट्यांचा. हंगेरी देशाचा. सत्तर वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी रशियाच्या हुकमतीविरुद्ध उठाव केला होता. त्याचं प्रदर्शन इथल्या एका लहान संग्रहालयात पुढच्या महिन्यात आहे. श्रेया नावाची पुण्याची मुलगी तिथे कामाला आहे. काचेच्या कपाटांचे पडदे तिने माझ्याकडून शिवून घेतले, आणि जाताना हा झेंडा देऊन गेली. दांडी घालायला वरच्या कडेला बाही शिवायची, एवढंच काम.

झेंड्याच्या मधोमध थाळीएवढं भोक आहे. गोळा लागला असेल. कोणा अडाण्याने त्याच्या कडेला काळ्या जाड दोऱ्याने वेडेवाकडे टाके मारले होते. एक लांब, एक आखूड, मध्येच गाठ. ते मी आधी कापून काढले. कडा सरळ केल्या. जुन्या चादरीचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून त्याच रंगावर आणला आणि आता रफू करतो आहे. हे काम कोणी सांगितलेलं नाही. पण फाटलेलं कापड दुकानात आलं आणि तसंच परत गेलं, असं बत्तीस वर्षांत झालेलं नाही. हात फिरवून पाहिलं तरी जोड कळणार नाही.

दुसरंही एक आहे. झेंडा दोरीवर टांगला होता तेव्हा ते भोक माणसाच्या तोंडाच्या उंचीवर यायचं. मागून कोणी गेलं की नुसता चेहरा दिसायचा. मला ते नको होतं.

तुझं पत्र गावाकडे ये-जा करणाऱ्या संतोषने दिलं. विधीचं विचारलं आहेस. घाई करू नका. पलीकडे सौदीत, दम्मामला, आपल्या बाळाजीसारखा माणूस दिसल्याचं तुला कळवलं होतंच. माणूस सापडायला वेळ लागतो.

पूर्णिमाला आशीर्वाद.

दाजी


नाटे, ता. राजापूर
२७ सप्टेंबर

ती. भाऊजींस नमस्कार.

परक्या देशाच्या झेंड्याचं भोक कोणी न सांगता बुजवायला तुमच्याकडे चार दिवस आहेत. माझ्या प्रश्नाला चार ओळी.

पुन्हा विचारते. तुमचे भाऊ तिथल्या ज्या लाँचवर होते ती वादळानंतर रिकामी सापडली. बरोबरचे दोघे मेलेले सापडले. हे सापडले नाहीत. त्याला या कार्तिकात बारा वर्षं पुरी होतात. भटजी म्हणतात, बारा वर्षं वाट पाहिली की पुरे. दर्भाचा आणि पळसाच्या देठांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मी विचारलं, आणि नंतर आले तर? भटजी म्हणाले, मग बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. म्हणाले आणि हसले. पूर्णिमाही हसली. मला हसू आलं नाही.

पूर्णिमा तेव्हा सात वर्षांची होती. आता एकोणीस. ती म्हणते, आई, एक काय ते ठरव, मला बाबा आठवायचे आहेत की यायचे आहेत ते एकदा कळू दे.

मागच्या दाराला मी अजून कडी लावत नाही. सुट्टीवर येताना ते खाडीकडून, मागच्या दारानेच यायचे, मला दचकवायला. सकाळी होड्यांची इंजिनं सुरू झाली की दार आपोआप थोडं आत येतं. दर वेळी मी चुलीवर दोन कपांचं आधण ठेवते. दुसरा कप निवल्यावर मीच पिते. बारा वर्षांत एकदाही एकाच कपाचं आधण माझ्या हातून ठेवलं गेलेलं नाही.

जिवंत माणसाला अग्नी द्यायचं पाप मला नको. आणि गेलेल्याला मीच ताटकळत ठेवलं असेल, तर तेही नको. तुम्ही तिथे आहात. हो की नाही, एवढंच लिहा. फोन करू नका. फोनवर तुम्ही बरं आहे म्हणता, मग मीही बरं आहे म्हणते.

मंगला


बाब अल बहरीन
९ ऑक्टोबर

सौ. मंगला,

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

झेंडा इस्त्री करून श्रेयाला नेऊन दिला. तिने उलगडला आणि खालीच बसली. म्हणाली, "दाजीकाका, भोक कुठे गेलं?" मी म्हटलं, बुजवलं, त्याचे पैसे नकोत.  नंतर तिने समजावलं. ते भोक गोळ्याचं नव्हतं. झेंड्याच्या मधोमध रशियाधार्जिण्या सरकारचं चिन्ह होतं. उठावाच्या पहिल्या दिवशी लोकांनी घराघरांतून झेंडे आणले आणि कात्रीने, सुरीने तेवढं चिन्ह कापून फेकलं. तो भोकाचा झेंडा हाच त्यांचा झेंडा झाला. सगळं प्रदर्शन त्या भोकासाठी आहे.

मी म्हटलं, उसवून देतो, एक दिवसाचं काम. तेवढ्यात झेंड्याच्या मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या आहेत. नवरा इथे नोकरीला होता, तो वारल्यावरही इथेच राहिल्या. झेंडा त्यांच्या घरचा. त्यांनी माझ्या रफूवरून बोट फिरवलं. जोड त्यांना लागला नाही. मग त्या श्रेयाला इंग्रजीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. श्रेयाने मला विचारलं, कडेचे काळे टाके कुठे आहेत?

मी सांगितलं, कापले. चांगले नव्हते.

ते त्यांच्या आईने घातलेले होते. उठाव चिरडला गेला तेव्हा आईच्या पोटात या बाई होत्या. नवऱ्याला पकडून नेलं. ती झेंडा अंगाला गुंडाळून, वर कोट घालून, चालत सीमा ओलांडून गेली. निर्वासितांच्या छावणीत भोकाच्या कडा उसवायला लागल्या, म्हणून कोणाकडून तरी दोरा मागून तिने ते टाके घातले. बाईंनी जे म्हटलं ते श्रेयाने मराठीत सांगितलं, ते तसंच लिहितो: "आईला शिवता येत नव्हतं. म्हणून तर ते टाके तिचे आहेत हे कळतं."

मी दुकानात परत आलो. चिंध्यांचं पोतं टाकायचं राहिलं होतं. जमिनीवर ओतलं. शेजारचा अत्तरवाला हाशिम दुकान सोडून मदतीला आला. तीन आठवड्यांच्या कातरणीतून काळे दोरे वेचले. त्याने अकरा शोधले, मी सहा. काडेपेटीत घालून बाईंना नेऊन दिले. त्यांनी ते तळहातावर ओतून घेतले. मला वाटलं ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या की प्रदर्शनाला या.

रफू उसवलं आहे. भोक पुन्हा भोक झालं आहे, पण कडा आता माझ्या आहेत. सरळ.

बाळाजीला पाहिल्याचं सांगणाऱ्या दम्मामच्या जमालुद्दीनचा पत्ता लागत नाही. तो कायमचा गावी गेला म्हणतात. इंशाल्ला काहीतरी कळेल.

दाजी


नाटे
२१ ऑक्टोबर

ती. भाऊजींस नमस्कार.

त्या बाईंच्या आईबद्दल तुम्ही एवढं लिहिलंत. माझ्याबद्दल शेवटी दोन ओळी, त्यासुद्धा जमालुद्दीनच्या.

तुमची सगळी पत्रं माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत. काल दुपारी काढून ओळीने वाचली. पहिल्या वर्षीच्या पत्रात जमालुद्दीन ट्रक चालवतो आणि पुलावरून दम्मामला माल नेतो. त्याने यांना चहाच्या टपरीवर पाहिलं. चौथ्या वर्षी तोच जमालुद्दीन दम्मामला रोट्या भाजतो आणि हे त्याच्याकडे रोटी घ्यायला येतात. सहाव्या वर्षी यांनी दाढी ठेवली आहे. तुमच्या भावाला दाढी येत नव्हती, भाऊजी. हनुवटीवर चार केस.

हे मला आज कळलं असं समजू नका. चौथ्या वर्षीच कळलं होतं. मी गप्प राहिले, कारण ते पत्र आलं त्या दिवशी मला नीट जेवण गेलं. मी ते मागत होते आणि तुम्ही पाठवत होता.

आता मागत नाही. भटजींना एक डिसेंबरची तारीख दिली आहे. बोलावणी गेली आहेत. तुम्ही खरं लिहिलं नाहीत तरी त्या दिवशी काहीतरी पेटणार आहे. कशाला अग्नी देतो आहोत, तेवढं मला कळू द्या.

मंगला


बाब अल बहरीन
१ नोव्हेंबर

सौ. मंगला,

शुक्रवारी दुकान बंद ठेवून प्रदर्शनाला गेलो. झेंडा काचेत लावला आहे, शिवलेल्या बाहीवर. खाली एका बशीत ते सतरा काळे दोरे ठेवले आहेत. श्रेया म्हणाली, त्यांच्यापाशी काय लिहायचं ते बाईंनी अजून ठरवलेलं नाही, म्हणून पाटी कोरी आहे.

पुढच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. उठावानंतर ज्यांना फाशी दिलं त्यांना सरकारने निनावी पुरलं होतं. घरच्यांना जागा सांगितली नाही. तीस वर्षांनी राज्य बदललं तेव्हा त्यांना उकरून काढलं आणि सगळ्या शहरासमोर पुन्हा नीट पुरलं. फोटोत चौकात सहा शवपेट्या आहेत. पाच नाव असलेल्यांच्या. सहावी रिकामी. ती न सापडलेल्यांची.

बाई फोटोजवळ उभ्या होत्या. त्यांचा बाप सापडलाच नाही. त्या दिवशी आई परदेशातून तिथे गेली आणि दिवसभर त्या रिकाम्या पेटीसमोर उभी राहिली. तोवर तीस वर्षं तिने नवऱ्याचं काहीच केलं नव्हतं. श्रेयाने माझ्यासाठी विचारलं, का नाही केलं? बाई म्हणाल्या, "कुठे तरी कोणाला तरी माहीत होतं. त्याने सांगितलं नाही."

त्या माझ्याकडे पाहून बोलत नव्हत्या. फोटोकडे पाहत होत्या.

मंगला, लाँच सापडल्यानंतर अकराव्या दिवशी इथल्या अरादच्या किनाऱ्याला एक मेलेला माणूस लागला होता. ओळख पटवायला मला बोलावलं. मला अरबी बोलता येत नाही म्हणून हाशिम बरोबर आला. चेहऱ्यावरून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपडे वेगळ्या टेबलावर होते. निळ्या रेघांचा सदरा. बाळाजी शेवटच्या सुट्टीवर निघाला तेव्हा मी शिवून दिलेला, तोच घालून तो नाट्याहून परत आला होता. माझी कॉलर मी डोळे मिटून ओळखतो. मी ती दोन बोटांत धरून पाहिली.

त्यांनी विचारलं, हा तुमचा माणूस का? मी म्हटलं, नाही.

आदल्या दिवशी फोनवर तू म्हणाली होतीस, भाऊजी, तिथे जा आणि ते हे नाहीत एवढंच सांगा. मी तुझ्यावर ढकलत नाही. बोललो मी. ते तोंड माझं होतं. बाहेर आल्यावर वाटलं, उद्या जाऊन खरं सांगू. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला आणि तू रडत नव्हतीस. मग दम्मामचा माणूस शिवला. एक टाका घातला की दुसरा घालावा लागतो.

त्याला इथेच पुरलं. निनावी.

तेव्हापासून दुकानाच्या आरशात गिऱ्हाइकाचं माप घेताना मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. गळ्यापासून खालीच पाहतो.

दाजी


नाटे
१२ नोव्हेंबर

ती. भाऊजींस,

तुमचं पत्र दिवाळीत आलं. चार दिवस उशाखाली ठेवलं. पूर्णिमाला अजून दाखवलेलं नाही.

फोनवर मी तसं म्हणाले होते. मला आठवतं. शब्द तेच होते. तुम्ही जाल आणि ते हे नाहीत म्हणाल, तर ते नसतील, असं त्या दिवशी मला खरोखर वाटलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पण भाऊजी, बारा वर्षं तुम्ही मला खोटं लिहिलंत, आणि चांगलं लिहिलंत. आता हे खरं कशावरून? विधीची तारीख ठरली, बोलावणी गेली, आता मंगलाच्या मनात काही राहू नये, म्हणून हेही तुम्ही शिवलं नसेल कशावरून? हात फिरवला तरी तुमचा जोड कळत नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

म्हणून एक विचारते. ते निघाले त्या दिवशी त्या सदऱ्यात माझं काहीतरी होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. पूर्णिमाला, सासूबाईंना, कोणालाच नाही. तुम्ही तो सदरा खरंच हातात धरला असेल तर तुमच्या बोटांना ते लागलं असणार. काय होतं आणि कुठे होतं?

उत्तर चुकलं तर मी भटजींना नको म्हणून सांगेन आणि मागचं दार उघडं ठेवीन, मरेपर्यंत. उत्तर आलं नाही तरी तेच.

मंगला


बाब अल बहरीन
२२ नोव्हेंबर

मंगला,

नावाआधी या वेळी काही लिहिलेलं नाही. सौ. लिहायला हात उचलला नाही. दुसरं लिहायचा अधिकार मला नाही.

खालच्या पट्टीत, डाव्या शिवणीपाशी. वाटाण्याएवढी गाठ. पट्टी उसवून आत घातलेली आणि पोपटी दोऱ्याने परत शिवलेली. टाके एकावर एक, उलटसुलट, शेवटी तीन गाठी. माझ्या सदऱ्यावर पोपटी दोरा पाहून मला पहिल्यांदा रागच आला. मग कळलं कोणाचे टाके आहेत ते. तुला शिवता येत नाही.

दोरे कापायची कात्री माझ्या खिशात असतेच. ती गाठ राहिली असती तर कोणीतरी विचारलं असतं, हे काय, हे कोणी शिवलं. म्हणून तेवढा पट्टीचा तुकडा मी कापून मुठीत घेतला आणि मग नाही म्हटलं. ती पुडी बटणांच्या डब्यात तळाशी आहे. होती. उघडून पाहिलेली नाही. ग्रामदेवीचा अंगारा असेल असं वाटतं. संतोषबरोबर पाठवतो आहे.

काल हाशिमला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खलास, दाजी, पुरे आता. मला त्या दिवसापासून माहीत आहे. तू नाही म्हणालास आणि सदरा घडी घालून ठेवलास. अनोळखी माणसाच्या कपड्याची कोणी घडी घालत नाही." एवढी वर्षं तो रोज माझ्या शेजारी बसून चहा प्यायला आणि एक शब्द बोलला नाही. मग दुकान बंद केलं आणि मला गाडीत घालून घेऊन गेला. दफनभूमीच्या माणसाने वही पाहून ओळ दाखवली. दगडावर फक्त आकडा आहे. मी तिथे उभा राहिलो. मोठ्या भावाने काय म्हणायचं असतं ते आठवलं नाही. नाट्याहून आलो आहे असं म्हटलं.

ते झेंड्याचे दोरे कापले तेव्हा मला काही आठवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. कापताना हात थांबला होता. तरी कापले.

जिथे नाही म्हटलं होतं त्याच कचेरीत जाऊन आता तरी खरं लिहून द्यायचं ठरवलं आहे. काय होईल ते होईल.

दाजी


नाटे
३ डिसेंबर

ती. भाऊजींस,

संतोष तीस तारखेला संध्याकाळी आला. पायताण न काढता पुडी हातात दिली, कोणीतरी मागे लागल्यासारखा निघून गेला. त्याला काय सांगितलं होतंत कोण जाणे.

दोऱ्याचा पोपटी रंग गेला आहे. टाके माझे आहेत. तीन गाठी होत्या, मी मोजल्या. आत अंगारा आहे, खारट पाण्याने दगडासारखा झालेला. फोडला नाही. पूर्णिमाला बसवून तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तिने पुडी हातात घेतली आणि विचारलं, "बाबांना हे टोचलं नसेल?" 

माफीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. मीही लिहीत नाही. कचेरीत काय झालं ते मात्र कळवा. आणि त्या दगडावरचा आकडा पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खाडीच्या काठावर पुतळा मांडला. छातीवर ठेवायला त्यांचं काही आहे का, असं भटजींनी विचारलं. मी पुडी ठेवली. पूर्णिमाने अग्नी दिला. वारा नव्हता, लवकर झालं. घरी येऊन अंघोळी केल्या. मी एक कप पाण्याचं आधण ठेवलं आणि मागच्या दाराला कडी लावली.

मंगला